सोनं पक्कं... पण किती टक्के?

कबड्डीत इंडियाच जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला? असं म्हणता म्हणता २०१८ उजाडलं! बारामतीच्या एमआयडीसीपासून इंदापूरच्या मातीच्या मैदानापर्यंत फिरून शोधलेला भाकितांचा फंडा...

वर्ल्ड कप कुठलाही असो, प्रत्येक ऑफिसात एक तरी 'एक्स्पर्ट' असतोच. फुटबॉलचा असेल तर तो सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी उभा राहून ब्राझीलचं काय चुकलं ते सांगतो. क्रिकेटचा असेल तर विचारूच नका, तिथं हाऊसकीपिंगच्या काकांपासून व्हीपीपर्यंत सगळेच सिलेक्टर! वाद होतात, पैजा लागतात, कुणीतरी हौशीनं एक्सेल शीट बनवतं.

आता कबड्डीचा विषय काढून बघा. चर्चा तीन सेकंदांत खल्लास. "त्यात काय सांगायचं? इंडियाच!"

बस्स. ना वाद, ना पैज, ना एक्सेल शीट.

हे उत्तर मला बरेच दिवस खटकत होतं. कुठल्या देशाची टीम कुठपर्यंत जाईल हे सांगणं जगात आता सिरियस काम झालंय. त्यासाठी रेटिंग असतात, मॉडेल असतात, रात्र रात्र आकडे दळणारी माणसं असतात. आणि ज्या खेळाला आपण आपल्या घरचा म्हणतो, तिथंच आपण डोळे मिटून भाकीत करतो? म्हणून ठरवलं की जिथं कबड्डी एसी हॉलमध्ये नाही तर गावच्या यात्रेत बघितली जाते, तिथं जाऊन विचारायचं. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर बारामती आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर इंदापूर. एक वीकएण्ड, एक वही आणि भेटेल त्याला एकच प्रश्न: पुढच्या मोठ्या स्पर्धेत कबड्डीचं गोल्ड आपलं, याची गॅरंटी किती टक्के?

कॅन्टीनमधले शंभर टक्के

बारामती म्हटलं की पुण्यातल्या लोकांना पॉलिटिक्स आठवतं. पण शनिवारी दुपारी तिथल्या एमआयडीसीत जा, तुमच्या-माझ्यासारखीच पोरं गळ्यात आयकार्ड अडकवून जेवायला निघालेली दिसतील. माझा मावसभाऊ तिथल्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. त्याच्या कृपेनं कॅन्टीनमधल्या टेबलावर मला जागा मिळाली आणि वही उघडली.

"शंभर टक्के!"

"ताई, एकशे दहा लिहा."

"कबड्डीत आपल्याला कोण हरवणार? चीन? त्यांना दम तरी धरता येतो का?"

एकामागून एक शंभर. अपवाद एकच. अकाउंट्सची एक मुलगी डब्यातली भेंडी संपवत शांतपणे म्हणाली, "ऐंशी." सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं पासपोर्ट परत केलाय!

"का गं, ऐंशी का?"

"मागं एकदा हरलो होतो ना आपण? इराणशी?"

दोन सेकंद शांतता. मग मावसभाऊ म्हणाला, "अगं, ते फ्लुक होतं."

फ्लुक! हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गोची याच शब्दात आहे.

आकडे आधीच बोंबलत होते

आधी थोडा फ्लॅशबॅक. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि तिथून २०१४ च्या इंचॉनपर्यंत पुरुषांची सातच्या सात गोल्ड आपण घरी आणली. महिलांची कबड्डी २०१० मध्ये सुरू झाली, तिथंही पहिली दोन्ही गोल्ड आपलीच. म्हणजे २०१८ च्या जकार्ता स्पर्धेआधी रेकॉर्ड काय? नऊपैकी नऊ! मग शंभर टक्के म्हणणाऱ्यांचं काय चुकलं?

चुकलं इतकंच की त्यांनी फक्त निकाल मोजले, फरक मोजला नाही.

जरा हे बघा. २००४ चा वर्ल्ड कप, मुंबई. फायनलमध्ये भारत ५५, इराण २७. फरक २८ गुणांचा. २००७, पनवेल. पुन्हा तेच दोघं, २९-१९. फरक १०. २०१० ची ग्वांगझू आशियाई स्पर्धा, ३७-२०. फरक १७. आणि २०१४, इंचॉन. भारत २७, इराण २५. फरक फक्त दोन! पेपरात हेडिंग काय आलं असेल? 'सलग सातवं सुवर्ण'. झालं. आपण पेढे खाल्ले आणि दोनचा आकडा विसरून गेलो.

मग २०१६, अहमदाबादचा वर्ल्ड कप. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियानं आपल्याला ३४-३२ असं हरवलं. घरच्या मैदानावर! पुढं फायनलमध्ये आपण इराणला ३८-२९ हरवून कप जिंकला खरा, पण हाफटाइमला इराण पुढे होता. पुन्हा पेढे.

शेवटी २०१८, जकार्ता. आधी ग्रुपमध्ये कोरियाकडून एका गुणानं हार, २३-२४. मग सेमीफायनलमध्ये इराणकडून १८-२७. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या फायनलमध्येही इराणनं २७-२४ असं हरवलं. दोन्ही गोल्ड गेली.

आता सांगा, हे फ्लुक आहे? चौदा वर्षं समोरचा एक एक पायरी चढत वर येत होता. आपण जिन्याकडे पाठ करून बसलो होतो.

'हरण्याआधी भाव वाढतो'

आणखी एक खूण होती. तीसुद्धा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि इराणी, कोरियन खेळाडू आपल्या टीममधून खेळायला लागले. मे २०१८ च्या लिलावात मुंबईच्या यू मुंबा टीमनं इराणच्या फजल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले. या लीगच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. भारतीय नाही, इराणी! आणि त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, त्याच फजलच्या इराणनं आपल्याला सेमीफायनलमध्ये घरी पाठवलं. म्हणजे टीम मालकांनी चेक लिहून जे भाकीत केलं होतं, ते आपण नुसतं बातमी म्हणून वाचलं.

पुढं हाच प्रकार पुण्यात झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझू आशियाई स्पर्धेची फायनल संपून आठवडाही झाला नव्हता, तोवर पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या सीझनची ट्रॉफी पलटणनं उचलली. पलटणचा कॅप्टन अस्लम इनामदार हांगझूला भारताकडून खेळला होता, शादलू इराणकडून. एकमेकांच्या पायाला मिठी मारणारे दोघं पाच महिन्यांत एकाच ट्रॉफीला मिठी मारून उभे!

आणि प्रशिक्षक? २०१८ ला गोल्ड जिंकणाऱ्या इराणच्या महिला टीमच्या कोच होत्या शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या. अनेक वर्षं नाशिकला कबड्डी शिकवलेल्या बाईंनी तीच विद्या तिकडं नेली आणि तिकडच्या मुलींनी आपल्या मुलींना हरवलं. वाईट वाटून घ्यायचं की कौतुक करायचं, तुम्ही ठरवा. पण भाकीत करणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की खेळ जेव्हा शिकवणाऱ्यांसकट परदेशात जातो, तेव्हा घरच्या टीमचे टक्के कमी होतात.

इंदापूरचे सर आणि घोटा

रविवारी बारामतीहून इंदापूरकडे निघाले. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी... तुकोबांच्या पालखीचाच रस्ता. दोन्ही बाजूला ऊस. अशाच एका गावात शाळेमागं मातीचं मैदान आहे. चुन्याच्या रेषा, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि संध्याकाळी साडेपाचला दम धरणाऱ्या पंधरा-वीस पोरापोरींचा आवाज. शिकवणारे सर निवृत्तीला आलेले. गावच्या यात्रेत कुठली टीम जिंकणार हे त्यांना विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, असं चहावाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"सर, इंडिया किती टक्के?"

"अहो ताई, अशी टक्केवारी सांगायला मी काय हवामान खातं हाय व्हय? आधी टीम तर बघू द्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या स्टुडिओत ऐकायला मिळणार नाही. आमच्यासमोर दोन टीम खेळत होत्या. सर म्हणाले, गुण बघू नका, कोपऱ्यातल्या गड्याचे पाय बघा. डावा कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्याकडे बघतोय की डोळ्यांकडे? डोळ्यांकडे बघणारा फसतो. मधली जोडी एकमेकांचा हात धरून मागं सरकतेय की एकटी एकटी? आणि तिसऱ्या चढाईला कोण जातंय? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. तेव्हा ज्याला पाठवतात, त्याच्यावर टीमचा खरा भरवसा. तो एकच गडी असेल तर टीम लंगडी समजायची.

"मग इराणचं काय, सर?"

"त्यांची पकड. कुस्तीचा देश हाय त्यो. घोटा धरला की सोडत न्हाईत. आपली पोरं चढाईत भारी, पण समोर तसले दोन कोपरे असले की मॅच तिथंच अडकती. आणखी एक. हितं माती, तिथं मॅट. मातीत घसरून सुटता येतं, मॅटवर न्हाई."

सरांनी टक्के शेवटपर्यंत सांगितले नाहीत. पण त्यांनी जे केलं तेच तर भाकीत! नावाकडे न बघता जोड्या बघायच्या. आपला सर्वांत भारी चढाईपटू आणि त्यांचा सर्वांत भारी कोपरा समोरासमोर आले तर काय होईल? पलटणच्या मालकांनी दोन कोटी पस्तीस लाख मोजून जो प्रश्न सोडवला, तोच सर चुन्याच्या रेषेवर उभे राहून फुकटात सोडवत होते.

बास्केटबॉलवाल्यांना विचारा

'आमचा खेळ, आम्हीच राजे' हा ताप फक्त आपल्यालाच येतो असं नाही. अमेरिकेला विचारा! बास्केटबॉल हा खेळच अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डचा, १८९१ चा. ऑलिम्पिकमध्ये १९३६ पासून १९७२ च्या फायनलपर्यंत त्यांनी एकही मॅच हरली नव्हती. १९९२ ला एनबीएचे स्टार घेऊन 'ड्रीम टीम' उतरवली आणि सगळ्यांना धुऊन काढलं.

मग आलं २००४, अथेन्स. आपण मुंबईत इराणला २८ गुणांनी हरवलं तेच वर्ष. टिम डंकन, ॲलन आयव्हरसन आणि कोवळा लेब्रॉन जेम्स असलेली अमेरिकन टीम पहिल्याच मॅचमध्ये पोर्तो रिकोकडून ७३-९२ अशी हरली. गोल्ड अर्जेंटिनानं नेलं, अमेरिकेला ब्राँझ. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी जिंकली, अमेरिका थेट चौथी!

कारण ओळखीचं वाटतंय ना? युरोपची, दक्षिण अमेरिकेची पोरं एनबीएत जाऊन शिकली आणि घरी जाऊन गुरूलाच भारी पडली. एनबीएच्या जागी प्रो कबड्डी लिहा, अर्जेंटिनाच्या जागी इराण. स्टोरी तीच.

पण एक फरक आहे आणि तो कबड्डीचं भाकीत जास्त अवघड करतो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल आणि पुरुषांची कबड्डी, दोन्ही ४० मिनिटांचे खेळ. तिकडं २४ सेकंदांत शॉट घ्यायचा, इकडं ३० सेकंदांत चढाई संपवायची. तरी पॅरिस ऑलिम्पिकच्या २०२४ च्या फायनलमध्ये अमेरिकेनं फ्रान्सला हरवलं ९८-८७ असं, आणि हांगझूची कबड्डी फायनल संपली ३३-२९ वर. गुण जितके कमी, तितकं एकेका गुणाचं वजन जास्त. बास्केटबॉलमध्ये एक वाईट मिनिट भरून काढता येतं. कबड्डीत एक लोण पडला की सगळं गणित फिरतं. म्हणजे भारी टीमसुद्धा इथं जास्त वेळा घसरणार. हे नशीब नाही हो, खेळाची बनावटच तशी आहे.

नव्वद गुणिले सत्तर

आता थोडं गणित. घाबरू नका, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

टीमची ताकद मोजायची जगातली सर्वांत फेमस पद्धत म्हणजे एलो रेटिंग. अर्पाद एलो नावाच्या अमेरिकेतल्या एका फिजिक्सच्या प्रोफेसरांनी ती बुद्धिबळासाठी काढली. २०१८ पासून फिफासुद्धा फुटबॉलच्या देशांची क्रमवारी याच धर्तीवर लावते. आयडिया सोपी आहे. प्रत्येक टीमला एक आकडा. जिंकलात की समोरच्याचे थोडे गुण तुमच्या खात्यात. तगड्याला हरवलंत तर भरपूर, लिंबूटिंबूला हरवलंत तर चिल्लर. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर भारी टीम जिंकण्याची शक्यता ७६ टक्के. फरक ४०० असेल तर ९१ टक्के. बघा, चारशेच्या फरकालाही शंभर टक्के नाहीच!

आता खरी गंमत. समजा सेमीफायनल आपण जिंकू याचे ९० टक्के आणि फायनलमध्ये इराणला हरवू याचे ७० टक्के. म्हणजे गोल्डचे किती? कॅन्टीनमधला मावसभाऊ लगेच म्हणाला, "सरासरी काढ, ऐंशी." अंहं! दोन्ही मॅच जिंकायच्या आहेत, म्हणून गुणाकार. ०.९ गुणिले ०.७, म्हणजे ६३ टक्के. दर दहा स्पर्धांत तीन-चार वेळा गोल्ड हुकणार आणि तरीही आपणच जगातली बेस्ट टीम असणार.

हे वाक्य पुन्हा वाचा. बेस्ट टीम असणं आणि गोल्ड मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हांगझूची फायनल आठवा. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत २८-२८. पवन सेहरावत चढाईला गेला, लॉबीच्या रेषेचा घोळ झाला, पंच एकदा हे म्हणाले, एकदा ते. खेळाडू मॅटवर बसले, मॅच तासभर थांबली, आणि शेवटी ३३-२९ आपण जिंकलो. त्याच दिवशी महिलांची फायनल, भारत २६, चायनीज तैपेई २५. एका गुणानं! ग्रुपमध्ये याच दोघींची मॅच ३४-३४ अशी बरोबरीत सुटली होती. दोन गोल्ड आली म्हणून 'इंडियाच' म्हणणाऱ्यांची कॉलर पुन्हा टाइट. पण एक लॉबीची रेष आणि एक गुण इकडचा तिकडं झाला असता तर?

पहिल्यांदाच होणाऱ्या वर्ल्ड कपचं काय?

मागचे निकालच नसतील तर काय करायचं? हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये आला. दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुषांच्या २० टीम, महिलांच्या १९. दोन्ही भारतीय कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. दक्षिण कोरियाचा, पेरूचा खो-खो कुणी पाहिला होता?

महिलांच्या पहिल्या मॅचमध्ये भारतानं कोरियाला १७५-१८ हरवलं. इथं कुणीही शंभर म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता! पण पुरुषांची पहिली मॅच नेपाळशी होती, ४२-३७. फक्त पाचचा फरक. त्या रात्री भाकीत बदलणाऱ्यांनी नेपाळला जवळजवळ बरोबरीत आणून ठेवलं असणार. सहा दिवसांनी तेच दोघं फायनलला, आणि निकाल ५४-३६. महिलांच्या फायनलमध्येही नेपाळच समोर, ७८-४०.

म्हणजे फरकाचा फंडाही जपून वापरायचा. एका मॅचचा फरक ही अफवा, चार-पाच मॅचचा फरक ही बातमी. इराणच्या बाबतीत बातमी चौदा वर्षं येत होती.

"समोरची चांगली खेळली, असं कुणी म्हणत नाही"

एवढं सगळं कशासाठी? टाइमपास म्हणून ठीक आहे, पण गोल्ड आलं काय आणि नाही आलं काय, तुमच्या-माझ्या पगारात काय फरक पडतो?

आपल्या नाही पडत. त्यांच्या पडतो.

इंदापूरच्या त्या मैदानावर प्रॅक्टिस संपल्यावर एक मुलगी बूट झाडत बसली होती. बारावीला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी कबड्डी, मध्ये घरचं काम. जिल्ह्यापर्यंत खेळली, राज्याला जायचंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तिचं सगळं लक्ष तिकडं. मी तिलाही टक्के विचारले. ती हसली आणि म्हणाली, "ताई, आम्ही जिंकून आलो की लोक म्हणतात, जिंकणारच होता. हरून आलो की विचारतात, काय झालं? समोरची चांगली खेळली, असं कुणी म्हणतच नाही."

वहीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर, आणि त्यात आकडा एकही नाही.

शंभर टक्केवाल्यांचा प्रॉब्लेम हाच आहे. गोल्ड आलं तर त्यांना आनंद होत नाही, हिशेब जुळतो. आणि सिल्व्हर आलं तर त्यांना ते दिसतच नाही, दिसते ती फक्त चोरी गेलेली वस्तू. २०१८ ला आपल्या मुली आशियात दुसऱ्या आल्या होत्या. फायनल तीन गुणांनी गेली होती. पण 'रौप्यपदक जिंकलं' म्हणणारे किती आणि 'सुवर्ण गमावलं' म्हणणारे किती, आठवून बघा.

ज्यानं आधीच ६५ टक्के लिहून ठेवलेत, त्याला हरण्याचा धक्का कमी बसतो असं नाही. पण त्याला हे माहीत असतं की उरलेले ३५ टक्के समोरच्या टीमचे होते, त्यांनीही घाम गाळला होता. तो खेळाडूला 'काय झालं?' विचारत नाही. 'मॅच कशी झाली?' विचारतो. फरक छोटा वाटतो, पण बारावीतल्या त्या मुलीला विचारा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला महिलांचा वर्ल्ड कप झाला. भारत ३५, चायनीज तैपेई २८. जिंकलो! पण सातचा फरक बघा, आणि तैपेईच्या मुलींची नावंही बघून ठेवा. २०१४ ला आपण इराणकडे बघायला हवं होतं, तसं.

ऑफिसातली भाकितांची वही : पाच नियम

१. आधी लिहा, मग बोला. मॅच झाल्यावर 'मी म्हणालोच होतो' म्हणणाऱ्याला सगळ्यांचा चहा.

२. हो किंवा नाही चालणार नाही, टक्के लिहा. शून्य आणि शंभर बाद!

३. निकालाबरोबर फरकही लिहा. मागच्या चार-पाच मॅचचा फरक वाढतोय की घटतोय, एवढं बघितलं तरी निम्म्या एक्स्पर्टांच्या पुढं जाल.

४. मार्क द्या. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये सोपी रीत सांगितली. तुमचा अंदाज आणि खरा निकाल यातल्या फरकाचा वर्ग करायचा, ज्याचा आकडा लहान तो हुशार. करून बघू. पुरुष कबड्डी, आशियाई स्पर्धा : २०१४ जिंकलो, २०१८ हरलो, २०२३ जिंकलो. दर वेळी १०० टक्के म्हणणाऱ्याचा दंड १.००. दर वेळी ५० म्हणणाऱ्या काठावरच्या गड्याचा ०.७५. आणि दर वेळी ७० म्हणणाऱ्याचा ०.६७. बघा, तिन्हींत शंभर टक्केवाला शेवटचा!

५. पैसे नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, तो उगाच नाही. वहीत चहा-भजीपर्यंतच. बारामतीच्या गँगनं हा नियम लगेच पास केला, फक्त भजीच्या जागी मिसळ मागितली.

आणि माझे टक्के?

एवढं लेक्चर दिल्यावर सुटका नाही, माहितेय. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेच्या पानावर मी लिहिलंय : पुरुष, सेमीफायनल ९०, फायनल ७०, गोल्ड ६३ टक्के. महिला, सेमीफायनल ९०, फायनल ६५, गोल्ड ५९ टक्के. दोन्ही गोल्ड एकाच वेळी? गुणाकार करा, जेमतेम ३७. कॅन्टीनमध्ये हा आकडा ऐकून गदारोळ झाला. अकाउंट्सवाली तेवढी म्हणाली, "मी माझे ऐंशीचे सत्तर करते." सरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पोरींचे कोपरे बघून मग सांगतो."

तुमचे टक्के तुम्ही लिहा, माझ्यापेक्षा वेगळे असतील तर उत्तम, त्याशिवाय पैजेत मजा काय? फक्त लिहिताना उरलेल्या टक्क्यांत काय करायचं तेही ठरवून ठेवा. तेव्हाही कुणीतरी गळ्यात पदक घालून गावात उतरेल, रंग तेवढा वेगळा असेल. एसटी स्टँडवर हार घेऊन जायचं, हे माझ्या वहीत आधीच लिहिलेलं आहे. शंभर टक्के.